हाताने घडवलेली कार्बन पोलादाची शिकारी सुरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची भट्टी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. वर्षातला बराच काळ तिथे वखराच्या पासा, विळे, कोयते आणि कुऱ्हाडी यांचेच काम चालते; त्यातून उरलेल्या वेळात आम्ही शिकारी घाटाच्या सुऱ्या घडवतो. सुरी पाहायला येणाऱ्यांचे बहुतेक प्रश्न पात्याच्या आकाराचे आणि चकाकीचे असतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु सुरी चांगली की वाईट हे ठरते ते पात्याला पाणी देताना, म्हणजे ते तापवून वेगाने थंड करून कडक करताना, आणि तयार सुरीकडे कितीही निरखून पाहिले तरी ते काम डोळ्यांना दिसत नाही. म्हणून खालील उत्तरांत त्या भागाला आम्ही मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

सुरीची मापे काय आहेत?

पाते ११५ मिमी लांब, २८ मिमी रुंद आणि पाठीकडे ४ मिमी जाड असते. टोकाकडे ही जाडी हळूहळू कमी होत जाते. मुठीसह एकूण लांबी २३० मिमी आणि वजन सुमारे १८० ग्रॅम भरते. पाते आणि मुठीतला पोलादी भाग एकाच तुकड्यातून घडवलेला असून तो मुठीच्या शेवटापर्यंत अखंड जातो. लाकडाच्या दोन पट्ट्या त्याच्या दोन्ही अंगांना बसवून पितळी खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. हाताने घडवलेल्या दोन सुऱ्या तंतोतंत सारख्या नसतात, त्यामुळे मापांत दोन-तीन मिमीचा फरक धरून चालावे.

शिकारीला बंदी असताना ‘शिकारी’ सुरी कशासाठी?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि त्या कामासाठी कोणी सुरी मागितली तर आम्ही ती देत नाही. ‘शिकारी’ हे नाव केवळ घाटाचे आहे : पोटाकडे गोलाई असलेले, टोक फार निमुळते नसलेले, आखूड आणि मजबूत पाते. हा घाट मुळात कातडे सोलण्यासाठी घडला. गोलाईमुळे धार कातड्याखालून सरकत जाते आणि बोथट टोकामुळे कातड्याला भोक पडत नाही. आज आपल्याकडे ही सुरी बोकड सोलायला, तापीतले मासे साफ करायला, ठिबकच्या नळ्या आणि दोर कापायला, केळीची पाने काढायला आणि रानात मुक्काम असेल तर शेकोटीसाठी काटक्या तासायला वापरली जाते. ही सगळी कामे एकाच पात्याने व्हावीत असे वाटत असेल, तर या घाटाइतका सोयीचा दुसरा घाट आम्हाला माहीत नाही.

अशी सुरी बाळगणे कायद्यात बसते का?

शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्यांची गणना शस्त्रांत केली आहे. त्यातून घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी केलेली अवजारे वगळली आहेत. आमचे पाते साडेचार इंचांच्या आसपास लांब आणि सव्वा इंचाहून कमी रुंद असल्यामुळे ते या मापांच्या बरेच आत राहते.

तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्ह्यात वेळोवेळी मनाई आदेश लागू होतात आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी सुरी जवळ बाळगण्यास बंदी असते, मग तिचे माप काहीही असो. सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत असे आदेश निघतात, म्हणून शेतावर जायचे नसेल तेव्हा सुरी घरीच ठेवावी. दुसरी गोष्ट सातपुड्यात फिरणाऱ्यांसाठी आहे. वन्यजीव अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत सुरीचाही समावेश आहे, आणि परवानगीशिवाय शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. यावल अभयारण्यात किंवा अनेर धरणाच्या अभयारण्यात जाणार असाल तर सुरी सोबत नेऊ नये.

पोलाद कोणते वापरता आणि ते कुठून येते?

आम्ही ट्रकच्या कमानीचे पाटे, म्हणजे ओझे झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, वापरतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात, त्यामुळे अवजड वाहनांची दुरुस्ती आणि त्यातून निघणारे भंगार यांची खानदेशात उणीव नाही. आपल्याकडच्या कमानी बहुधा ईएन-४५ किंवा एसयूपी-९ या जातीच्या पोलादाच्या असतात. पहिल्यात सिलिकॉन आणि मँगनीज, तर दुसऱ्यात क्रोमियम आणि मँगनीज घातलेले असते. कार्बन दोन्हींत साधारण ०.५ ते ०.६५ टक्के असतो. वर्षानुवर्षे ओझ्याखाली वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच हे पोलाद बनवलेले असते, आणि रानातल्या सुरीला हाच चिवटपणा लागतो. एक टक्का कार्बन असलेल्या बेअरिंगच्या पोलादाची धार याहून अधिक काळ टिकते हे खरे. पण ते हाताखाली कठीण लागते, तापमानाची चूक सोसत नाही आणि सुरी दगडावर पडली तर धारेचा टवका उडण्याची शक्यता वाढते.

बांधकामाच्या सळईपासून सुरी होईल का, असेही पुष्कळदा विचारले जाते. तशी सुरी दिसायला होते, कापायला होत नाही. सळईत आणि साध्या लोखंडी पट्टीत कार्बन इतका कमी असतो की कितीही लाल करून बुडवली तरी ती धार धरण्याजोगी कडक होत नाही. बाजारात स्वस्तात मिळणारी काही पाती अशीच असतात. त्यांना सकाळी लावलेली धार दुपारी उरत नाही.

भंगारातल्या पोलादावर विश्वास कसा ठेवायचा?

डोळे झाकून ठेवू नये, हेच आमचे उत्तर आहे. ट्रकखाली लाखो वेळा वाकलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, आणि अशी चीर पात्यात राहून गेली तर पाणी देताना ती उघडते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, वापरणाऱ्याच्या हातात उघडते. म्हणून मधल्या छिद्राजवळचा आणि टोकांकडचा भाग आम्ही काढून टाकतो. उरलेला पाटा घासून स्वच्छ केला की त्यावर रॉकेल लावतो, ते पूर्ण पुसून घेतो आणि वरून खडूची पूड भुरभुरतो. चिरेत शिरलेले रॉकेल थोड्या वेळाने बाहेर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर ओलसर रेघ उमटते. रेघ दिसली की तो भाग सुरीसाठी बाद; वखराच्या पासेला मात्र कधी कधी चालतो.

त्यानंतर प्रत्येक पाट्याचा बोटभर तुकडा कापून, तापवून तेलात बुडवतो आणि घणाने मोडतो. तुकडा न वाकता काडकन मोडला तर पोलाद पाणी घेते असे समजावे. मोडलेल्या जागी कण साखरेसारखे चमकत असतील, तर तुकडा जास्त तापला होता. करडा, मऊसर पृष्ठभाग दिसला तर तापमान बरोबर होते. या एका तुकड्यावरून त्या पाट्याचे पुढचे सगळे गणित बसवता येते. तो तुकडा त्या पाट्याच्या नावाने आम्ही जपून ठेवतो.

घडाई कशी होते?

भट्टीत आम्ही बाभळीचा लाकडी कोळसा वापरतो. दगडी कोळशाची आच जोरकस असते, पण त्यातला गंधक पोलादाला बाधतो आणि आगीवर नजर ठेवणेही अवघड जाते. भात्याची जागा आता विजेच्या ब्लोअरने घेतली आहे. वारा कमी-जास्त करण्याचा पडदा मात्र हातानेच हलवावा लागतो.

कमानीला बाक असतो, म्हणून आधी पाटा नारिंगी-पिवळा होईपर्यंत तापवून ऐरणीवर सरळ करायचा, मग छिन्नीने सुरीइतकी पट्टी तोडायची. घडाईला साधारण १,१०० अंश सेल्सिअसला सुरुवात होते आणि रंग मंद लालीवर उतरला की हात थांबवावा लागतो, कारण गार पडत चाललेल्या पोलादावर घण घातला तर आतून चिरा पडतात. सर्वांत आधी टोक काढतो, त्यानंतर मुठीतला भाग, आणि शेवटी धारेची बाजू पातळ करत नेतो. धार पातळ होऊ लागली की पाते आपोआप पाठीकडे वळू लागते. हा बाक पुढे येणार हे जाणून आम्ही पाते आधीच उलट्या बाजूला थोडे वाकवून घेतो. ज्याला हे साधले त्याची घडाई निम्म्या तापांत (भट्टीत तापवण्याच्या फेऱ्यांत) होते, आणि जितके ताप कमी तितका पृष्ठभागावरचा कार्बन कमी जळतो.

घडाई झाली की पाते तीन वेळा, दर वेळी आधीपेक्षा थोडे कमी, तापवून हवेत निवू देतो. घडाईच्या मोठ्या आचेने पोलादातले कण फुगलेले असतात. या तीन फेऱ्यांत ते पुन्हा बारीक होतात. चौथ्यांदा मंद लाल करून पाते राखेत पुरतो आणि रात्रभर तिथेच राहू देतो. दुसऱ्या दिवशी ते इतके मऊ असते की कानस लागते आणि खिळ्यांची छिद्रेही सहज पडतात. उताराची बाजू कानशीनेच उतरवतो. धारेकडे सव्वा मिमी जाडी मुद्दाम राखून ठेवतो, कारण त्याहून पातळ धार पाणी देताना वेडीवाकडी होते.

पाणी देणे म्हणजे नेमके काय, आणि त्याला इतके महत्त्व का?

इथपर्यंत जे झाले ते सुरीच्या आकाराचा पोलादी तुकडा एवढेच. त्याने दोर कापला तर दुसऱ्या दोराला धार मुडपते. पाते ठरावीक तापमानापर्यंत तापवून वेगाने थंड केले की पोलादाची आतली रचना बदलते आणि ते कडक होते. तापलेल्या अवस्थेत कार्बन लोखंडाच्या कणांत विरघळलेला असतो. सावकाश थंड केले तर तो बाहेर पडून वेगळा होतो आणि पोलाद मऊ राहते. वेगाने थंड केले तर त्याला बाहेर पडायला अवधीच मिळत नाही आणि तो आत अडकून पडतो. त्या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, आणि सुरीची धार तिच्यावर उभी असते.

यात तापमान चुकण्याला जागा फार कमी आहे. साधारण ७७० अंशांना पोलादाला चुंबक चिकटेनासे होते. ही खूण कोणालाही तपासता येते. परंतु चुंबक सुटताच पाते बुडवणे ही घाई ठरते, कारण कमानीच्या पोलादाला ८३० ते ८४० अंश लागतात. त्याखाली कार्बन पुरता विरघळत नाही, आणि त्यावर फार गेले तर कण पुन्हा फुगून पाते ठिसूळ होते. उरलेले हे साठ-सत्तर अंश रंगावरूनच ओळखावे लागतात, आणि रंग उजेडात फसवतो. वैशाखातल्या दुपारी, शेडमध्ये ऊन भरलेले असताना, जे पाते डोळ्यांना मंद लाल दिसते ते प्रत्यक्षात कितीतरी जास्त तापलेले असते. म्हणून पाणी देण्याचे काम आम्ही दिवस मावळल्यावरच करतो, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

अंधारात पाहिले तर पोलाद स्वतःच खूण देते. पाते तापत असताना त्यावर एक गडद सावली दिसते : आजूबाजूचा भाग उजळ लाल आणि मध्ये ढगासारखा काळसर पट्टा, कारण आतली रचना बदलण्यासाठी त्या ठिकाणी उष्णता शोषली जात असते. पाते आगीत मागे-पुढे सरकवले की ती सावली टोकापासून मुठीकडे सरकत जाते आणि शेवटी नाहीशी होते. ती पूर्ण गेल्यावर सबंध पात्याचा रंग एकसारखा होऊ द्यायचा, थोडा वेळ तसाच धरायचा आणि मग क्षणाचाही विलंब न लावता बुडवायचे.

आम्ही पाण्यात न बुडवता शेंगदाण्याच्या तेलात बुडवतो. कमानीच्या पोलादात मिसळलेल्या धातूंमुळे ते तेलाच्या वेगानेही पूर्ण कडक होते, आणि पाण्याचा वेग त्याला इतका जाच करतो की पाते तडकण्याचा धोका राहतो. तेल आधी ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करून घेतो. कोमट तेल पातळ असल्यामुळे पात्याला लवकर भिडते आणि थंड तेलापेक्षा अधिक वेगाने उष्णता ओढते. पाते टोकाकडून सरळ खाली जाते, आणि तेलात ते धार-पाठीच्या दिशेनेच हलवायचे असते. आडवे हलवले तर एक बाजू आधी निवते आणि पाते बाकते. बाक आलाच तर थोडा अवधी मिळतो, कारण मार्टेन्साइट होऊ लागते ते अडीचशे अंशांच्या आसपास. त्या आधी बाहेर काढलेले पाते जाड हातमोज्यांनी सरळ करता येते. तो अवधी काही सेकंदांचा असतो, आणि नंतर केलेला प्रयत्न पाते मोडूनच संपतो.

यानंतरची पहिली परीक्षा कानशीची. नवी कानस धारेवरून फिरवली की ती न खाता घसरली पाहिजे आणि आवाज काचेवर घासल्यासारखा आला पाहिजे. कानस धरली तर पाते पुन्हा भट्टीत जाते.

इतके कडक पाते तुटणार नाही का?

याच अवस्थेत राहिले तर नक्की तुटेल. पाणी दिलेले पाते फरशीवर पडले तरी मोडू शकते, म्हणून त्याच रात्री ते टेम्परिंगसाठी ओव्हनमध्ये जाते : २०० ते २१० अंशांवर दोन तास, मग पूर्ण थंड, आणि पुन्हा तितकेच दोन तास. यात थोडा कडकपणा जातो आणि त्याच्या मोबदल्यात चिवटपणा येतो. घासलेल्या पात्यावर या वेळी फिकट पिवळा रंग चढतो. याहून तापवत गेले तर रंग गडद सोनेरी, तपकिरी, जांभळा आणि अखेर ३०० अंशांच्या सुमारास निळा होतो. कमानीला लागणारा लवचीकपणा निळ्याच्याही पुढे मिळतो. सुरीची धार निळी झाली तर ती सुरी गेली म्हणून समजावे. पूर्वी लोहार हे काम भट्टीच्या कडेला, रंग पाहूनच करत आणि ज्यांची नजर बसलेली होती त्यांचे काम उत्तम होई. आम्ही ओव्हन आणि स्वतंत्र तापमापक वापरतो, कारण धारेवर दोन तास एकच तापमान टिकवणे नजरेच्या आवाक्यातले नाही.

तयार पात्याचा कडकपणा रॉकवेल सी मोजपट्टीवर ५७ ते ५८ च्या आसपास येतो. तो आम्ही ठरावीक कडकपणाच्या कानशींच्या संचाने पडताळतो. त्यानंतर पितळी सळईवर धार किंचित दाबून सरकवतो : धार सळईवर वाकलेली दिसली पाहिजे आणि पुढे सरकताच परत सरळ झाली पाहिजे. वाकून तशीच राहिली तर पाते मऊ, टवका उडाला तर फार कडक. या परीक्षेत न बसणारे पाते आम्ही विकत नाही.

स्टेनलेसची सुरी गंजत नाही, मग तीच का बनवत नाही?

स्टेनलेस म्हणवणाऱ्या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, आणि त्याला नीट पाणी द्यायचे तर १,००० अंशांच्या वर नेमके तापमान बराच वेळ टिकवावे लागते. कोळशाच्या भट्टीत ते प्रामाणिकपणे करता येत नाही. शिवाय कार्बन पोलादाची धार बांधावर बसून साध्या दगडावर परत आणता येते, आणि ज्याची सुरी दिवसभर रानात असते त्याला हा गुण मोठा वाटतो. ज्यांना सुरी रोज ओली ठेवावी लागते आणि पुसायला सवड नसते, त्यांनी मात्र खुशाल स्टेनलेस घ्यावी.

पात्यावर दमास्कसची नक्षी मिळेल का?

मिळणार नाही. आज त्या नावाने विकली जाणारी पाती दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकत्र जोडून आणि आम्लात बुडवून केलेली असतात. त्यात कौशल्य आहे, पण त्याने धार सुधारत नाही. मुशीत तयार होणारे दक्षिणेतले प्राचीन वूट्झ पोलाद, ज्यासाठी तेलंगणातील कोनासमुद्रम प्रसिद्ध आहे, ही त्याहून अगदी वेगळी गोष्ट आहे.

मूठ कोणत्या लाकडाची असते? साबरशिंगाची मिळेल का?

साबरशिंगाची मिळणार नाही. सांबर आणि चितळ यांची शिंगे आपोआप गळून पडलेली असली तरी त्यांचा व्यापार कायद्याने बंद आहे, आणि कोणी जुन्या घरातले शिंग आणून दिले तरी आम्ही ते बसवत नाही.

आमची पसंती बाभळीच्या गाभ्याला आहे, आणि त्यातही मोडक्या बैलगाडीच्या चाकातल्या लाकडाला. चाकाचे आरे आणि तुंबा यांसाठी गावोगाव चांगली, पक्व बाभूळच निवडली जात असे, आणि वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खाल्लेले ते लाकूड आता आणखी आक्रसत नाही. खानदेशात हे महत्त्वाचे आहे, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि दोन महिन्यांनी हवा दमट होते. कच्च्या लाकडाची मूठ या फेऱ्यात पोलादापासून सुटते. गडद रंग हवा असेल तर अंजनाचे लाकूड मिळते. ते फार जड असून त्याने सुरीचा तोल मुठीकडे झुकतो, आणि काहींना तो आवडतो. पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून पितळी खिळ्यांनी ठोकल्या की मुठीला जवसाचे तेल पाजतो. वॉर्निश लावत नाही, कारण घामाच्या हातात ते निसटते.

म्यान कशाचे असते?

म्हशीच्या कातड्याचे, झाडाची साल आणि हिरडा यांनी कमावलेले. क्रोम वापरून कमावलेल्या कातड्यातील क्षारांनी पाते लवकर गंजते. म्यान वाहून नेण्यापुरते वापरावे. घरी सुरी म्यानाबाहेर ठेवावी.

पाते काळे पडले. हा गंज आहे का?

बहुधा नाही. केळीचा चीक, लिंबू, कैरी किंवा मटण यांचा स्पर्श झाला की कार्बन पोलादावर करडा, निळसर किंवा काळा थर चढतो. केळीच्या चिकातली तुरट द्रव्ये लोखंडाशी संयोग पावून फार गडद डाग देतात, त्यामुळे रावेर-यावलकडे गेलेल्या सुऱ्या हंगामाअखेर काळ्याभोर होऊन आमच्याकडे येतात. हा थर निरुपद्रवी आहे, पात्याचे थोडे रक्षणच करतो, आणि तो घासून काढू नये.

लालसर, खरखरीत आणि बोटाला लागणारा तो गंज. दिसताच बारीक स्टीलवूल आणि खोबरेल तेल यांनी काढावा, कारण तो आत शिरला की खड्डे पडतात. रोजची काळजी फार नाही : काम झाले की धुवावी, लगेच कोरडी करावी आणि पावसाळ्यात तेलाचा हात फिरवावा. पाण्यात भिजत ठेवू नये. गॅसच्या ज्योतीवर धरून तर कधीच वाळवू नये. धारेचे टेम्परिंग तिथेच उतरते.

धार कशी लावावी?

धारेचा कोन प्रत्येक बाजूला सुमारे २० अंश ठेवलेला आहे. पाते २८ मिमी रुंद असल्याने पाठीचा मध्य दगडापासून साडेनऊ मिमी वर उचलला की तो कोन मिळतो; सुरुवातीला तितक्या उंचीचा लाकडाचा तुकडा शेजारी ठेवून अंदाज घ्यावा. १,००० नंबरचा दगड पाण्याने ओला करून एका बाजूने घासत राहावे, दुसऱ्या बाजूला सबंध लांबीभर बोटाला बारीक खरखर लागली की पाते उलटावे. दोन्हीकडून झाले की दाब कमी करत न्यावा आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, धारेच्या उलट दिशेने, काही वेळा ओढावे. आठवडी बाजारात फिरत्या चाकावर धार लावून देणारे असतात. विळ्या-कोयत्याला ते चाक चालते, पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडत असताना पातळ धार क्षणात निळी होते, म्हणून ही सुरी तिथे देऊ नये.

मागणी दिल्यावर सुरी कधी मिळेल?

आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पेरणी उरकेपर्यंत आम्ही सुरीची मागणी घेत नाही. त्या दिवसांत शेतकऱ्याची पास थांबली तर त्याचा हंगाम थांबतो, आणि भट्टीवर पहिला हक्क त्याचा आहे. इतर वेळी तीन ते चार आठवडे धरावेत.

अशी सुरी घरी बनवून पाहता येईल का?

जरूर पाहावी. कमानीचा तुकडा, लहान भट्टी, कानस आणि चुंबक इतक्यावर सुरुवात होते. सावधगिरी मात्र पाळावीच लागते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, नळ किंवा नटबोल्ट भट्टीत जाऊ देऊ नये, त्याच्या धुराने ताप भरतो. जळके इंजिन ऑइल पाणी द्यायला वापरू नये. त्याचा धूर विषारी असतो आणि घरातले शेंगदाणा तेल त्याहून चांगले काम करते. तेलाचे भांडे पत्र्याचे, खोल आणि झाकणाचे असावे, कारण तेल पेट घेते. पेटल्यास पाणी न टाकता झाकण ठेवावे. डोळ्यांना चष्मा, अंगावर सुती कपडे आणि पायांत बंद बूट असावेत.

धारेला टवका पडला किंवा टोक मोडले तर?

सुरीने डबे उचकटणे, खिळे उपटणे किंवा जाड हाड फोडणे ही कामे करू नयेत. त्यासाठी कोयता आणि पहार आहेत. तरीही टवका पडलाच तर सुरी आमच्याकडे पाठवावी. एक-दीड मिमीपर्यंतचा टवका धार मागे नेऊन निघतो, टोकही पाठीकडून उतरवून नवे काढता येते, आणि दोन्ही कामे पाण्याखाली, दगडावर होत असल्यामुळे पात्याचे पाणी उतरत नाही. चीर पाठीपर्यंत गेलेली असेल तर ते पाते दुरुस्त होत नाही. अशा वेळी आम्ही ते मोडून कण तपासतो, त्याच पाट्याच्या जपून ठेवलेल्या तुकड्याशी ताडून पाहतो, आणि दोष पाणी देण्यातला निघाला तर नवे पाते बदल्यात देतो.